रिजेक्शनचे रजिस्टर आणि पर्यावरणाची फाईल एकाच टेबलावर आणा

टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आणि वागळे इस्टेटमधील लहान-मध्यम कारखानदारांना खुले पत्र

आदरणीय कारखानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि खाडीपलीकडचे वागळे इस्टेट या भागांत गुणवत्ता तपासणी, प्लेटिंग (धातूचा मुलामा), सांडपाणी प्रक्रिया आणि ऑडिटची कामे करणाऱ्या आम्हा काही जणांचे हे पत्र आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गुणवत्तेची फाईल क्यूसीच्या (गुणवत्ता नियंत्रणाच्या) केबिनमध्ये असते आणि पर्यावरणाची फाईल बाहेरच्या कन्सल्टंटच्या बॅगेत. दोन्ही फायली वर्षातून एकदाच समोरासमोर येतात, सर्टिफिकेटचे ऑडिट असते तेव्हा. एरवी क्यूसीला ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रात) काय चालले आहे ते ठाऊक नसते आणि ईटीपीच्या ऑपरेटरला आज अ‍ॅसिड जास्त का आले ते कोणी सांगत नाही. आमच्या मते आपल्या पट्ट्यातले निम्मे दुखणे इथेच आहे. खराब निघालेला प्रत्येक नग हा पर्यावरणाचाही हिशेब असतो, आणि तो हिशेब कोणीच ठेवत नाही.

आधी आकडे पाहू. एक साधा स्टीलचा जॉब (घडवायचा नग) धरा: टर्निंग, ड्रिलिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, प्लेटिंग. पाच टप्पे. प्रत्येक टप्प्याचा सुपरवायझर महिनाअखेरीस 'रिजेक्शन ३ टक्के' लिहितो आणि मालकाच्या डोळ्यांसमोर तोच ३ चा आकडा राहतो. पण ०.९७ ला पाच वेळा गुणले तर येतात ०.८६. म्हणजे सुरुवातीला घातलेल्या १०० नगांपैकी एकदाही हात न लागता सरळ बाहेर पडणारे ८६. उरलेल्या १४ पैकी काही भंगारात जातात, काही रिवर्क (पुन्हा काम करून दुरुस्त) होऊन डिस्पॅचला मिळतात. रिवर्क झालेले नग चलनावर चांगल्या नगांसारखेच दिसतात, म्हणून त्यांच्यावर दुसऱ्यांदा खर्च झालेली वीज, पाणी आणि अ‍ॅसिड कुठेच नोंदले जात नाही.

शिवाय दोष जितका उशिरा सापडतो तितका तो महाग पडतो. प्लेटिंगनंतर फेकलेला जॉब आधीच्या चारही टप्प्यांची वीज पोटात घेऊन जातो. त्याचे झिंक काढून पुन्हा प्लेटिंग करायचे म्हटले तर ते झिंक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उतरते, तिथून ईटीपीत आणि ईटीपीतून स्लजच्या (गाळाच्या) गोणीत. विकत घेतलेले झिंक आपण पैसे मोजून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पाला पाठवतो.

कार्बनच्या भाषेत हेच गणित आणखी बोचरे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलाद' कशाला म्हणायचे ते ठरवले. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड, ही त्याची वरची मर्यादा. आपल्या शेडमध्ये येणारे साधे पोलाद सहसा याच्या वरच असते. ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो धरा. म्हणजे एक टन स्टीलचे जॉब बाद झाले की निदान ३,१०० युनिट विजेइतका भार डोक्यावर येतो, आपल्या मशीनची वीज वेगळीच. आता १०० जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, प्रत्येकी २० वॉट वाचले, रोज १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालल्या, तर बचत होते ६,००० युनिट. दोन टन रिजेक्शनमध्ये ही वर्षभराची बचत संपते. भंगार वितळून पुन्हा पोलाद होते हे खरे, पण त्याला भट्टी लागते आणि ग्राहकाचा नग मात्र नव्याच मालातून करावा लागतो. एलईडी जरूर लावा. फक्त त्याचा फोटो वार्षिक अहवालात छापताना शेजारी रिजेक्शनचे वजनही छापा.

म्हणून आमची पहिली मागणी आकड्यांबद्दल आहे. वीज, पाणी, गॅस, अ‍ॅसिड आणि स्लज यांना 'केलेल्या नगांनी' भागू नका, 'पहिल्याच फेरीत पास झालेल्या नगांनी' भागा. पास न झालेले नग भागाकारात घेतले की आकडा छान दिसतो आणि रिवर्क लपून राहते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. लांबीच्या मापाचे संदर्भ तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरलेले आहे. मे महिन्यात रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश सहज असतात आणि मशीनवरून उतरलेला जॉब त्याहून गरम असतो. स्टील दर मीटरला, दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. जॉब आणि मायक्रोमीटर यांच्यात १५ अंशांचा फरक असेल तर १०० मिलिमीटरच्या मापात १७ मायक्रॉनची चूक येते. ड्रॉइंगवरची मापातली सगळी सूट (टॉलरन्स) २५ मायक्रॉनची असेल तर त्यातला मोठा हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला. अ‍ॅल्युमिनियमला हा फटका दुप्पट, दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन. कामगार मग ऑफसेट (मशीनमधले मापाचे सेटिंग) बदलतो, जॉब थंड झाल्यावर लहान भरतो आणि संध्याकाळी एसी खोलीत सगळा लॉट बाद होतो. उपाय साधा आहे. जॉब आणि माप दोन्ही एकाच जाड ओतीव प्लेटवर तासभर ठेवायचे आणि सेटिंगचा मास्टरही (प्रमाण नगही) तिथेच ठेवायचा. घाई असेल तर निदान मास्टर आणि जॉब एकाच धातूचे असू द्या.

कॅलिब्रेशनचे स्टिकर असले म्हणजे माप बरोबर येते असे नाही. तीन ऑपरेटर, दहा जॉब, प्रत्येकी दोन किंवा तीन वेळा मोजणे, हा गेज आर अँड आर अभ्यास अर्ध्या दिवसात होतो. मापनाचा फरक सुटीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर ते माप त्या कामाला चालत नाही. अशा मापाने चांगले जॉब फेकले जातात आणि वाईट पाठवले जातात, दोन्ही एकाच दिवशी.

पावसाळा हा आपल्या पट्ट्याचा स्वतंत्र विषय आहे. प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांना जुलैत नायलॉनच्या नगांवर चंदेरी रेघा दिसू लागतात. प्लास्टिकचे दाणे हवेतले पाणी पितात. नायलॉन साधारण ८० अंशांवर चार तास आणि पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन ते चार तास वाळवल्याशिवाय हॉपरमध्ये जाऊ नये, आणि उघडी गोणी पुढच्या शिफ्टसाठी तशीच ठेवू नये. ओले पॉलिकार्बोनेट गरम झाले की त्याची रेणूसाखळी तुटते. असा बाद नग दळून पुन्हा वापरला तर रंग तोच दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. ओलाव्याने बिघडलेला माल दळून 'रिसायकल केला' म्हणणे ही ग्राहकाचीही फसवणूक आहे आणि आपलीही.

स्टीलवाल्यांचे पावसाळी दुखणे गंजाचे. ते प्लेटिंगच्या टाकीपर्यंत कसे पोहोचते ते नीट पाहिले पाहिजे, कारण गुणवत्ता आणि पर्यावरण यांची गाठ इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. तेल न लावलेला माल शेडमध्ये पंधरा दिवस पडतो. प्लेटिंगला येतो तेव्हा गंज काढायला अ‍ॅसिडमध्ये नेहमीच्या दुप्पट वेळ ठेवावा लागतो. अ‍ॅसिड लवकर मरते, लोह जास्त उतरते, ईटीपीत चुना जास्त लागतो, स्लज वाढतो. त्याच वेळी कडक केलेल्या स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. अशा बोल्टांना प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये, स्पेसिफिकेशनमध्ये सांगितला असेल तेवढा वेळ, बेक करावे लागते. रात्रपाळीत ओव्हन रिकामा नाही म्हणून माल सकाळपर्यंत तसाच राहिला तर तपासणीत तो उत्तम दिसतो, कसल्यावर एक-दोन दिवसांनी बोल्टाचे डोके उडते. इतक्या साखळीची सुरुवात कुठून झाली? माल इनवर्ड झाला त्या दिवशी न लावलेल्या गंजरोधक तेलातून, किंवा न वापरलेल्या व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदातून. खर्च नगामागे काही पैशांचा.

आता धुण्याच्या पाण्याबद्दल. प्लेटिंगच्या टाकीतून जिग (जॉब टांगायची चौकट) बाहेर येते तेव्हा तिच्याबरोबर द्रावण चिकटून येते, ड्रॅग-आउट. ते तासाला एक लिटर येते असे धरा आणि शेवटच्या धुण्यात ते हजारपट पातळ व्हायला हवे असेही धरा. एकाच टाकीत धुतले तर तासाला १,००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या उलट प्रवाहाने जोडल्या तर सुमारे ३२ लिटर. तीन जोडल्या तर १०. प्रत्यक्षात ढवळणे अपुरे पडते म्हणून थोडे जास्त लागते, पण अंतर इतके मोठे आहे की तिसऱ्या टाकीला जागा नाही ही सबब टिकत नाही.

यात चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन्ही टाक्यांना वेगवेगळे नळ देणे. मग ३२ चे ६३ होतात आणि लोक म्हणतात, उलट प्रवाह करून पाहिला, फार फरक पडला नाही. ताजे पाणी फक्त शेवटच्या टाकीत, तळाशी सोडायचे. ते तिथून वरून सांडून पहिल्या टाकीच्या तळाशी जायला हवे आणि पहिल्या टाकीतून ईटीपीला. नळ आणि सांडवा एकाच बाजूला असले तर पाणी टाकीत न फिरताच निघून जाते. ढवळायला कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, छोटा ब्लोअर पुरतो आणि तेलाचे कणही येत नाहीत. नळ डोळ्याच्या अंदाजाने न सोडता कंडक्टिव्हिटी मीटरवर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या) चालवा.

त्याआधी ड्रॅग-आउटच कमी करा. जिग टाकीवर तीन सेकंद धरण्याऐवजी १५ ते २० सेकंद निथळू दिली, पेल्यासारखे जॉब तिरके टांगले, बॅरल (लहान जॉबांचे फिरते पिंप) वर उचलल्यावर दोन फेरे दिले तर द्रावण टाकीतच परत पडते. मात्र कामगाराला जिगमागे इन्सेंटिव्ह असेल तर तो २० सेकंद थांबणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. टाकीवर निथळण्यासाठी आडवी दांडी लावा. पहिली जिग दांडीवर लटकत असताना दुसरी टाकीत जाते, वेळ वाया जात नाही. आणि हो, निथळण्यालाही मर्यादा आहे. मिनिटभर हवेत राहिलेल्या जॉबवर डाग पडतात. प्रत्येक टाकीसाठी दोन्ही टोके ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

निकेलसारख्या ५०-६० अंशांवर चालणाऱ्या टाकीत बाष्पीभवन भरपूर असते. तिच्यानंतर एक स्थिर धुण्याची टाकी ठेवली तर तिचेच पाणी मूळ टाकीत परत भरता येते. थंड झिंकच्या टाकीत तेवढी जागा होत नाही, तिथे हा उपाय अर्धवटच चालतो. परत भरताना मळही परत येतो, म्हणून फिल्टर आणि द्रावणाची तपासणी वाढवावी लागते. क्यूसी आणि ईटीपीने एकत्र बसायचे ते याचसाठी. पाणी वाचवायला म्हणून कोणी एकट्यानेच परतीचा पाइप जोडला आणि महिन्याभरात निकेल काळपट येऊ लागले, तर दोष पाणी वाचवण्याचा नसतो, न विचारता जोडलेल्या पाइपाचा असतो. नवी मुंबई महापालिका प्रक्रिया करून जे पाणी उद्योगांना देऊ लागली आहे, त्यालाही हेच लागू. सुरुवातीच्या धुण्यांना, कूलिंग टॉवरला, शौचालयांना ते आनंदाने वापरा, बारवी धरणाचे पाणी वाचेल. शेवटच्या धुण्याला मात्र क्षार मोजून, गरज असेल तर आरओनंतरच.

ईटीपीत सगळे प्रवाह एकाच टाकीत ओतणे ही पुढची मोठी चूक. सहा संयुजी क्रोमियम पीएच २ ते ३ दरम्यान मेटाबायसल्फाइटने तीन संयुजी करावे लागते, मगच ८ ते ८.५ वर ते खाली बसते. पीएच चारपर्यंत चढला की क्रिया इतकी मंदावते की ऑपरेटर रसायन ओतत राहतो आणि पिवळेपणा जात नाही. निकेलला खाली बसायला १० च्या आसपास लागतो, आणि तेवढ्यावर क्रोमियम पुन्हा विरघळू लागते. एका पीएचला सगळे धातू बसत नाहीत. सायनाइडची लाइन तर अ‍ॅसिडच्या लाइनच्या जवळपासही येता कामा नये, वायूने माणसे मरतात. तिचे तोंड वेगळे, पीएच १० च्या वर, हायपोक्लोराइटने.

प्लेटिंगच्या मानकात सहा संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ती गाठायला ताजे पाणी मिसळणे हा उपाय नव्हे. अहवाल पास होतो, धातू तेवढाच राहतो. आपले पाणी पुढे सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते, तिथे जिवाणू काम करतात. जड धातूंनी ते जिवाणू मेले तर शेजारच्या निर्दोष कारखान्याचे सांडपाणीही कच्चेच पुढे सरकते. आणि पुढे आहे ठाण्याची खाडी: २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ. धातू कुजत नाहीत. कांदळवनाच्या चिखलात बसतात आणि आगरी-कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या निवट्या-चिंबोऱ्यांपर्यंत पोहोचतात.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. ७ बारला ३ मिलिमीटरचे एक भोक सुमारे ३.५ किलोवॉट खाते. तीन पाळ्यांत, ३०० दिवसांत २५,००० युनिट. तपासायला यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सर्व मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर सुरू करा. दहा मिनिटांत तो एकूण तीन मिनिटे लोडवर (हवा भरायला) गेला तर ३० टक्के हवा गळते आहे. १० च्या आत आणता येते. गुणवत्तेशी संबंध असा की गळतीने लाइनच्या शेवटच्या मशीनवर हवेचा दाब कमी होतो, हवेवर चालणारा क्लॅम्प ढिला धरतो आणि माप हलते. सुपरवायझर मग कॉम्प्रेसरचा दाब एक बारने वाढवतो. त्याने वीज ६-७ टक्के वाढते आणि गळतीही वाढते. मापाची तक्रार आली की ऑफसेटच्या आधी क्लॅम्पजवळचा दाब पाहा.

कागदपत्रांचे आता. आयएसओ ९००१ (गुणवत्ता) आणि १४००१ (पर्यावरण) यांच्या २०१५ च्या आवृत्त्यांची कलमे ४ ते १० एकाच सांगाड्याची आहेत. दोन मॅन्युअल, दोन अंतर्गत ऑडिट ठेवण्याचे काहीच कारण नाही. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने कलम ४.१ मध्ये हवामान बदल आपल्याला लागू आहे का, हे ठरवायला सांगितले. बऱ्याच ठिकाणी 'लागू नाही' अशी एक ओळ लिहून मोकळे होतात. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मधून जाणारे नाले, आणि भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस. २६ जुलै २००५ पाहिलेल्या पट्ट्यात ही ओळ कशी लिहिता येईल? तुमचे अ‍ॅसिडचे कॅन आणि स्लजच्या गोण्या नाल्याकडच्या भिंतीला, जमिनीवर असतील तर त्या जूनच्या आधी ओट्यावर चढवा. त्या कलमाची खरी पूर्तता तीच.

केंद्राच्या झेड (शून्य दोष, शून्य परिणाम) प्रमाणपत्र योजनेत ब्राँझचे शुल्क १० हजार, सिल्व्हरचे ४० हजार, गोल्डचे ९० हजार रुपये आहे. त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के अनुदान. घ्या, पण ब्राँझची फ्रेम रिसेप्शनला लावून थांबू नका. युरोपला बोल्ट-नट पाठवणाऱ्यांना १ जानेवारी २०२६ पासून कार्बन सीमा कराचा पक्का टप्पा लागू झाला आहे. तुमच्याकडे स्वतःचे मोजलेले आकडे नसतील तर ग्राहक ठोकळ आकडे लावतो आणि ते सहसा तुमच्या तोट्याचे असतात. सेबीच्या नियमाने शाश्वततेचा अहवाल देणाऱ्या शेअर बाजारात सूचीबद्ध मोठ्या १,००० कंपन्याही आपल्या व्हेंडरांकडे अशीच विचारणा करत आहेत. तो तक्ता कन्सल्टंटकडून अंदाजे भरून घेऊ नका. रिजेक्शन, वीज, पाणी आणि स्लज एकाच पानावर लिहिले जात असेल तर तो तासाभरात भरता येतो.

तेव्हा विनंती एवढीच: येत्या महिन्यात एक लाइन निवडा, सगळा कारखाना नको. रोजच्या एका पानावर घातलेले नग, पहिल्या फेरीत पास झालेले नग, रिवर्क, भंगाराचे वजन, त्या लाइनचे विजेचे आणि पाण्याचे मीटर, वापरलेले अ‍ॅसिड आणि निघालेला स्लज लिहा. लाइनला वेगळा मीटर नसेल तर तो आधी बसवा. आठवड्यातून एकदा क्यूसी, मेंटेनन्स, ईटीपी ऑपरेटर आणि लाइनवरचा एक कामगार अर्धा तास बसू दे, आणि मालकाने त्या अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवावा.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील गुणवत्ता व पर्यावरण क्षेत्रात काम करणारे काही सहकारी

ता. क. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि त्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत द्यायचे असते, हे आपण जाणताच. ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या पर्यावरण विवरणात, म्हणजे फॉर्म पाचमध्ये, दर एकक उत्पादनामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला, मागच्या वर्षी किती आणि या वर्षी किती, असे रकाने पूर्वीपासून आहेत. यंदा ते त्या एका पानावरून भरा.